शब्दचर्चा : लेंटला मराठीत काय म्हणावं? प्रायश्चित्तकाळ की उपवासकाळ?

प्रश्न : एका मजकुराचं भाषांतर करताना 'लेंट' (ईस्टरच्या आधीचा ख्रिस्ती लोकांचा उपवास-प्रार्थनेचा काळ) या शब्दाशी अडले आहे. 'प्रायश्चित्तकाळ' आणि 'उपवासकाळ' हे दोन्ही शब्द वाचनात येतात. अर्थाला जवळचा कोणता?

प्रतिसाद : मूळ इंग्रजी शब्दात प्रायश्चित्तही नाही आणि उपवासही नाही. जुन्या इंग्रजीत त्याचा अर्थ वसंत ऋतू, म्हणजे दिवस मोठा होत जाण्याचा काळ. लॅटिनमध्ये मात्र 'क्वाद्राजेसिमा', म्हणजे चाळिसावा. त्यावरूनच स्पॅनिशमध्ये 'क्वारेस्मा' आणि फ्रेंचमध्ये 'कारेम' आलं. जर्मन लोक सरळ 'उपवासाचा काळ' म्हणतात. चाळीस हा आकडा येशूने अरण्यात उपवास करत काढलेल्या चाळीस दिवसांवरून आला. राखेच्या बुधवारपासून, म्हणजे लेंटच्या पहिल्या दिवसापासून, ईस्टरच्या आदल्या दिवसापर्यंत मोजले तर दिवस 46 भरतात. त्यातले सहा रविवार वगळायचे, कारण रविवार हा येशूच्या पुनरुत्थानाचा दिवस, त्या दिवशी उपवास नाही.

प्रतिसाद : मला 'उपवासकाळ' अपुरा वाटतो. उपवासाच्या बरोबरीने प्रार्थना आणि दानधर्मही आहे. बायबलातल्या मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या सहाव्या अध्यायात तिन्ही गोष्टी एकापाठोपाठ येतात आणि तिन्हींबद्दल एकच ताकीद आहे : लोकांनी पाहावं म्हणून करू नका. उपवास करताना तोंड धुवा, चेहरा उतरलेला ठेवू नका. राखेच्या बुधवारी चर्चमध्ये हाच उतारा वाचतात आणि त्याच उपासनेत कपाळावर सगळ्यांना दिसेल अशी राख लावतात! हा विरोध मला फार दिवस खुपत होता. पण ही राख मागच्या वर्षीच्या झावळ्यांच्या रविवारी (ईस्टरच्या आधीच्या रविवारी) येशूचा जयजयकार करत हातात धरलेल्या फांद्या जाळून केलेली असते. धर्मगुरू अंगठ्याने ती कपाळावर क्रुसासारखी ओढतात आणि म्हणतात, तू माती आहेस आणि मातीत परत जाशील. हे ऐकल्यावर मिरवण्यासारखं काही उरत नाही.

प्रश्नकर्ती : मग 'प्रायश्चित्त'च बरोबर?

प्रतिसाद : रूढ शब्द म्हणून बेलाशक वापरा, कॅथलिक वाचकाला तो लगेच कळेल. माझी अडचण वेगळी आहे. प्रायश्चित्त म्हटलं की चूक केली, तिची भरपाई केली, हिशेब मिटला, असा भाव येतो. ख्रिस्ती श्रद्धेनुसार ती भरपाई माणसाला पेलणारी नाही, क्षमा ही देणगी आहे. ग्रीक नव्या करारातला शब्द आहे 'मेटानोइया', मन पालटणं. आपण त्यासाठी 'पश्चात्ताप' वापरतो, पण त्यात ताप जास्त आणि पालटणं कमी. हिब्रू 'शूव' तर अगदी साधा आहे : माघारी फिरणं. राखेच्या बुधवारीच वाचला जाणारा योएल संदेष्टा हेच सांगतो, वस्त्रं नको, अंतःकरणं फाडा आणि देवाकडे परत या.

'उपवास' शब्दाला मी इतक्यात मोडीत काढणार नाही. उप म्हणजे जवळ, वास म्हणजे राहणं. जेवण सोडणं हा नंतरचा रूढ अर्थ, व्युत्पत्तीत जवळ जाऊन राहणं आहे. येशूने सांगितलेल्या उधळ्या पुत्राच्या दाखल्यात तेच घडतं. बापाकडून वाटा घेऊन गेलेल्या मुलाने तो उधळून टाकला. दूर देशी उपासमार झाली, तेव्हा तो भानावर आला. मराठी बायबलात त्या जागी 'शुद्धीवर येऊन' असे शब्द आहेत. मग तो उठून बापाच्या घराकडे निघाला.

प्रश्नकर्ती : शीर्षकात 'प्रायश्चित्तकाळ' ठेवते. आत जिथे 'पश्चात्ताप करणे' लिहिलं होतं, तिथे 'परत फिरणे' करून बघते.