सहीचं लग्न, अक्षतांचं लग्न : तुमचे अनुभव लिहा

म्हार्दोळची_जाई
काल भाचीबरोबर फोंड्याला रजिस्ट्रारच्या ऑफिसात गेले होते, साक्षीदार म्हणून. गोव्याबाहेरच्यांसाठी सांगते, आमच्याकडे लग्न आधी सरकारी वहीत लागतं. पहिल्या सहीला इरादा सांगायचा, मग कुणाची हरकत आहे का म्हणून नोटीस, ती मुदत संपली की दुसरी सही. ती झाली की कायद्याने नवरा-बायको. अक्षता पडतील तेव्हा पडोत.

क्लार्कबाईंनी मान वर न करता विचारलं, "लग्नाआधीचा मालमत्तेचा करार केलाय?" दोघं एकमेकांकडे बघत राहिली. त्यांचे चेहरे बघून मला माझी दुसरी सही आठवली. ऑगस्ट २००१, पाऊस असा की छत्री उलटी. बाबा म्हणाले होते, आज नुसते कागद आहेत, साडी कशाला, म्हणून मी रोजच्याच पंजाबी ड्रेसवर. पेन टेबलाला दोऱ्याने बांधलेलं, दोरा इतका आखूड की सही करायला अर्धं ओणवं व्हायचं. आम्ही दोघांनीही ओणवं होऊनच लग्न केलं. मग समोरच्या हॉटेलात पातळभाजी-पाव आणि चहा, बाबांनी बिल दिलं, आणि सगळे बसस्टँडवर. ह्यांची मडगावची बस आधी लागली. खिडकीतून त्यांनी हात केला, मीही केला, बाबा बाजूला उभे होते म्हणून लगेच खाली घेतला. मी पणजीच्या बसने म्हार्दोळला उतरले. आई दारातच, "झाल्यो सयो? ओले कपडे बदल आणि नारळ खोवायला घे."

अक्षता मार्गशीर्षात. चार महिने कायद्याने सौभाग्यवती आणि फोन आला की बाबा समोरच्या खुर्चीत.

तुमचं लिहा. सही, हॉल, जेवण, फिरायला कुठे गेलात, काहीही.

कुकरची_शिट्टी
वाचतेय. तीन शिट्ट्या झाल्या की येते.

पुणेरी_पाहुणा
एक भाबडा प्रश्न. सही झाल्यावर एकत्र राहायला हरकत कुणाची असते?

म्हार्दोळची_जाई
आईची.

सातबारा_नको
करारावरून आठवलं. आमचं लग्न ठरलं तेव्हा काका म्हणाले, मुलाच्या नावावर बागायत आहे, करार करून घ्या. हे मुलीकडच्यांना सांगायचं कुणी? शेवटी काकाच गेले आणि दोन लाडू खाऊन काही न बोलता परत आले. म्हणून आमचा करार नाही.

बाहेरच्यांना माहीत नसेल, १८६७ चा पोर्तुगीज सिव्हिल कोड अजून आमच्या लग्नाला लागतो. लग्नाआधी करार केला नसेल तर सगळं दोघांचं निम्मं निम्मं, लग्नाआधीचं आणि वारशाचंसुद्धा. नंतर शहाणपण सुचून उपयोग नाही, करार आधीच करावा लागतो. गंमत जमीन विकताना कळते. आजोबांचा सत्तरी तालुक्यातला जमिनीचा तुकडा विकायचा होता. वारस सात. त्यांचे नवरे, बायका, त्यांच्याही सह्या. एक आत्तेचे यजमान मस्कतला, एक जण रुसलेले. रुसण्याचं कारण विचाराल तर माझ्याच लग्नात त्यांना पहिल्या पंगतीला बसवलं नव्हतं. खरेदीखत त्या पंगतीपायी आठ महिने अडलं!!

तिसऱ्यो_प्रेमी
@सातबारा पहिल्या पंगतीत काय होतं ते लिहा आधी

सातबारा_नको
खतखतं, वाल, मुगागाठी, वडे, मणगणं, सोलकढी. देवळाचा हॉल, त्यामुळे तुमच्या शिंपल्यांना, तिसऱ्यांना प्रवेश नाही.

हिशोबी_वयनी
निम्मं निम्मं म्हटल्यावर खूश होऊ नका. आमच्या दुकानगाळ्याच्या भाड्याचं उत्पन्न इन्कम टॅक्सला निम्मं माझ्या नावावर दाखवावं लागतं. पगार ज्याचा त्याचा, बाकीचं वाटून. गाळ्याची किल्ली मात्र अजून सासूबाईंच्या कमरेला.

बेतीचा_नवरदेव
माझं लग्न फेब्रुवारी १९८७. जुन्या लोकांना लगेच कळेल. ५ जुलै १९८६ ला मांडवीवरचा पूल कोसळला होता आणि नवा उभा राहीपर्यंत १९९२ उजाडलं. आम्ही मांडवीच्या अलीकडे बार्देशचे, लग्न पलीकडे मंगेशीला. म्हणजे अख्खं वऱ्हाड बेतीहून फेरीबोटीने पणजीला उतरवायचं आणि तिथून दुसऱ्या बसने पुढे.

पहाटे साडेपाचला धक्क्यावर पोचलो तर आधीच ही रांग. मी मुंडावळ्या बांधून, डोक्यावर टोपी, अंगाला हळदीचा वास, आणि माझ्या एका बाजूला पावांच्या टोपल्या घेतलेला पोदेर, दुसऱ्या बाजूला मासळीची पाटी. नुस्तेकान्नीने मला खालून वरपर्यंत बघितलं आणि म्हणाली, "पुता, हांगा राव, उदक उडटलें" (इथे थांब, पाणी उडेल), आणि स्वतःची पाटी मधे ओढली. त्या दिवशी माझी काळजी घेणारी ती एकटीच. आई रुखवताची मोजणी करत होती, बाबा भटजींना शोधत होते. भटजी आधीच्या बोटीने गेले होते, मंगळसूत्राची डबी असलेली पिशवी घेऊन. आम्हाला वाटलं पिशवी मामाकडे, मामाला वाटलं बाबांकडे. मांडवीच्या मधोमध हा शोध लागला. मावशी रडायलाच लागली. पणजीच्या धक्क्यावर भटजी शांतपणे चहा पीत उभे, पिशवी काखेत.

मुहूर्त गाठला, सात मिनिटं राखून. सासरची मंडळी आजही म्हणतात नवरदेवाला बांगड्याचा वास येत होता. तो मुंडावळ्यांना होता, मला नाही.

कुकरची_शिट्टी
आले. @बेतीचा_नवरदेव हसून हसून भात करपला.

अबोलीचा_वळेसर
काका, ती "उदक उडटलें" म्हणणारी डोळ्यासमोर आली. 😄

तिसऱ्यो_प्रेमी
बांगड्याचा वास हा शुभशकुन असतो

पुणेरी_पाहुणा
मला वाटायचं गोव्यात लग्न म्हणजे समुद्रकिनारा, पांढरे पडदे. आमच्या ऑफिसातल्या एकाने केलं तसं. वाऱ्याने मांडव उडाला, आणि होमाचा धूर सगळा मुलीच्या आत्याच्या तोंडावर. त्यांनी शेवटपर्यंत गॉगल काढला नाही.

अबोलीचा_वळेसर
फिरायला जायचा विषय निघालाय तर, सगळी दुनिया हनिमूनला गोव्यात येते, गोवेकराने जायचं कुठे? आम्ही महाबळेश्वर. आंबोली घाटात मला गाडी लागली, नव्या नवऱ्यासमोर प्लास्टिकच्या पिशवीत... असो. हॉटेलवाला रजिस्टर भरताना म्हणतो, "गोवा? अहो मॅडम, लोक इथून तिकडे जातात." चार दिवसांत हे वाक्य टॅक्सीवाला, घोडेवाला, स्ट्रॉबेरीवाला, सगळ्यांनी ऐकवलं. आणि प्रत्येकाचा पुढचा प्रश्न, काजू आणलेत का. फेणीबद्दल हळू आवाजात.

चावडीवर_सापडलो
आम्ही शहाणपणा केला. सुट्टी तीनच दिवस होती म्हणून पाळोळ्याला खोली घेतली. मडगावहून तासाभरावर. घरी सांगितलं केरळला चाललो. दुसऱ्या दिवशी जवळच काणकोणच्या चावडीवर, म्हणजे बाजारात, केळी घेत होतो, मी हाफ पँटमधे, ही गळ्यात फुलांची माळ वगैरे, आणि मागून आवाज, "केरळाक हीच केळीं मेळटात?" बाबांची आतेबहीण. तिचं घर तिथून पाच मिनिटांवर. उरलेले दोन दिवस दोन्ही वेळचं जेवण तिच्याकडे. परत येताना तिने आईसाठी नीरफणस दिला. म्हणजे घरी काही सांगायची गरजच उरली नाही.

म्हार्दोळची_जाई
नीरफणस हातात घेऊन केरळहून! 😂

हिशोबी_वयनी
नीरफणसाच्या कापा करताना रवा लावता की तांदळाचं पीठ?

कुकरची_शिट्टी
रवा. थोडं पीठ मिसळायचं. वयनी, मी तुम्हाला वेगळं लिहिते.

पहिली_चवथ
मी जरा वेगळं लिहिते, विषयाला धरून आहे की नाही माहीत नाही. लग्नाचा खर्च बाबांनी निभावला. पहिल्या चवथीला, म्हणजे गणेश चतुर्थीला, सासरी वजें पाठवायचं असतं, ते राहिलं होतं. लाडू, नेवऱ्या, चकल्या, फळं, सगळं वाड्यावर वाटलं जाईल एवढं. सासरहून निरोप आला, आमच्याकडे चाळीस घरं आहेत. मागितलं नाही हो कुणी. नुसता आकडा कळवला. आईने आठ रात्री नेवऱ्या तळल्या, शेजारच्या दोघी मदतीला. बाबा टेंपोतून उतरले तेव्हा शर्टाच्या पाठीला तेलाचा डाग होता, टोपल्यांना टेकून आले असणार. माझ्या मोठ्या जावेने टोपल्या मोजल्या. माझ्यासमोर. मी माटोळीखाली उभी होते, वर सुपाऱ्या, तोरिंगं, नारळ सगळं टांगलेलं, आणि मी वरच बघत राहिले. खाली बघितलं असतं तर रडले असते.

वीस वर्षं झाली. ती जाऊ आता माझी चांगली मैत्रीण आहे, खरंच. पण ते मोजणं जात नाही.

अबोलीचा_वळेसर
🙏 शर्टाचा डाग वाचून थांबले.

बेतीचा_नवरदेव
बाये, आमच्या बहिणीच्या वेळी मी टोपल्या घेऊन गेलो होतो. दारातच तिच्या सासऱ्यांनी माझ्या हातातली घेतली आणि म्हणाले, आधी पाणी पी. तेवढ्यावर त्या माणसाला जन्मभर मान दिला. तुझ्या बाबांना कुणी पाणी विचारलं होतं का?

पहिली_चवथ
सासऱ्यांनी विचारलं होतं. तुम्ही म्हणालात म्हणून आत्ता आठवलं.

नाव_नको
सहीबद्दल. माझ्या मामेबहिणीच्या दोन्ही सह्या झाल्या होत्या, हॉल ठरला होता, पत्रिका छापायला गेलेली. मग मोडलं. कारण नको. घरचे सगळ्यांना सांगत सुटले, अक्षता पडल्याच नाहीत तर लग्न कसलं. वहीत तर ती बायको होती. कोर्टात जावं लागलं. दुसरं स्थळ यायचं, सगळं पसंत पडायचं आणि हे सांगितलं की निरोप बंद. भाचीला सांगा, ती सही नुसते कागद नव्हेत.

म्हार्दोळची_जाई
@नाव_नको सांगते. बाबांचं ते "नुसते कागद" मी इतकी वर्षं विनोद म्हणून सांगत आले.

मडगावचा_शेजारी
आमच्या शेजारी ख्रिश्चन कुटुंब. त्यांनाही आधी रजिस्ट्रारकडेच जावं लागतं, तिथला कागद घेऊन मग इगर्ज (चर्च). त्यांच्या मुलीच्या रोसाला मी लहान असताना गेलो होतो, नवरीला नारळाचं दूध लावून आंघोळ घालतात. आम्हा पोरांना वाटलं हळदच, रंग विसरले. चुडो, म्हणजे काचेच्या बांगड्या, मात्र दोन्हीकडे. माझी आई त्या मुलीला चुडो भरताना बाजूला बसून होती, एक काकण फुटलं तेव्हा माझी आई आणि तिची आई एकदमच "देवा" म्हणाल्या.

पुणेरी_पाहुणा
हा धागा वाचून बायकोला विचारलं, आपलं लग्न कोर्टात नोंदवलं होतं ना? ती म्हणाली तू नोंदवणार होतास. मे २००९ पासून. फाईल शोधतोय.

सातबारा_नको
शोधा, शोधा. करार मात्र आता होणार नाही.

म्हार्दोळची_जाई
भाचीची दुसरी सही गुरुवारी. विचारलं, सही झाल्यावर कोणाची बस कुठली? म्हणे, "मावशी, स्कूटर आहे." ताई लगेच आतून, "स्कूटर असली तरी जेवायला घरी यायचं. दोघांनी." खतखतं करतेय ती. तिरफळं संपलीत, फोंड्याच्या बाजारात आता कुणाकडे असतील?

तिसऱ्यो_प्रेमी
बुधवारी सकाळी जा, बाहेर बसणाऱ्या बायकांकडे सुकी मिळतात. आणि बिया काढून टाका, मागच्या वेळी माझा दात गेला.