माउस अडखळण्याचं खरं कारण

'कस्टमर केअरवाले मुद्दाम टोलवतात' असं म्हणतात, ते मला अर्धंच पटतं. समोरच्या स्क्रीनवर जे प्रश्न येतात तेच ते वाचतात, आणि खरं कारण त्या यादीत नसलं की तुम्ही कायमचे 'बॅटरी बदलून बघा'मध्ये अडकता. माझा वायरलेस माउस मधूनच अडखळायचा, बाण उड्या मारत जायचा. बॅटरी बदलली, ड्रायव्हर (माउस चालवणारं सॉफ्टवेअर) पुन्हा टाकला, शेवटी त्यांनी माउसच बदलून दिला (तीन आठवड्यांनी!). नवाही तसाच.

मग लक्षात आलं, यूएसबी ३.० ची (वेगवान यूएसबीची) एक्स्टर्नल हार्ड डिस्क लावली की हे सुरू होतं. यूएसबी ३.० ची केबल आणि पोर्ट २.४ ते २.५ गिगाहर्ट्‌झच्या पट्ट्यात रेडिओ गोंगाट करतात, आणि बरेचसे वायरलेस माउस-कीबोर्ड नेमके तिथेच बोलतात. चिप बनवणाऱ्या इंटेलने २०१२ मध्येच हे लिहून ठेवलंय. माझा माउसचा इवलासा रिसीव्हर डिस्कच्या पिनेला अगदी खेटून होता. तो साध्या यूएसबी एक्स्टेन्शन वायरीने हातभर लांब नेला, तेव्हापासून माउस लोण्यासारखा फिरतोय. तक्रार अजून 'प्रक्रियेत' आहे म्हणे.