अ‍ॅफिलिएटवाल्यांनी ड्रॉपशिपिंगमध्ये उतरावं का? माझं मत: हो, आणि कमिशन चालू आहे तोवरच

स्पष्टवक्ता (धागाकर्ता)

आपण अ‍ॅफिलिएटवाले लेखांत दुकानाच्या लिंक देतो, आणि त्यावरून कोणी खरेदी केली की दुकान आपल्याला कमिशन देतं. एप्रिल २०२० मध्ये अ‍ॅमेझॉनने अमेरिकेतल्या असोसिएट्स या आपल्या कमिशन कार्यक्रमाचे दर कापले. फर्निचर आणि घरदुरुस्तीच्या सामानावर ८ टक्के मिळायचे, ते ३ झाले. किराण्यावर ५ चा १ झाला. लेख तेच, वाचक तेवढेच, क्लिकही तेवढेच, आणि उत्पन्न मात्र एका ईमेलने निम्म्याच्या खाली. ज्यांची सगळी कमाई या एकाच ठिकाणाहून येत होती, त्यांना काही करताच आलं नाही.

मला खरा राग दर कमी झाल्याचा नाही. माणसाच्या मनात विश्वास तयार करणं, दहा वस्तूंतून त्याला योग्य ती निवडून देणं, हे सगळ्यांत अवघड काम आपण करतो, आणि ऐन खरेदीच्या क्षणी त्याला दुसऱ्याच्या दुकानात पाठवून देतो. तिथली कुकी, म्हणजे तो आपल्या लिंकवरून आल्याची नोंद, २४ तास टिकते. त्याने काय घेतलं, ते त्याला आवडलं का, यातलं काही आपल्याला कळत नाही. त्याचा ईमेल पत्ताही आपल्याकडे नसतो.

ड्रॉपशिपिंगमध्ये दुकान आपलं, किंमत आपण ठरवायची, ग्राहक आपला. माल पुरवठादार परस्पर पाठवतो, त्यामुळे गोदाम लागत नाही. ज्या वस्तूच्या लिंकवर सगळ्यांत जास्त क्लिक येतात, ती एक वस्तू स्वतः विकायला घ्या, एवढंच माझं म्हणणं आहे.

हिशेब चोख

साफ असहमत. आकडे मांडूनच बोलू. विक्रीची किंमत १०० धरा. माल आणि पाठवणी मिळून ४५, पेमेंटचं शुल्क ३, जाहिरातीतून एक ग्राहक आणायचे ३५. हातात राहिले १७. ऐकायला बरं वाटतं.

आता दहा ऑर्डरींतली एक परत आली. पैसे परत द्यावे लागले, पण माल, जाहिरात आणि शुल्क यांवर गेलेले ८३ काही परत येत नाहीत, कारण पुरवठादार माल परत घेत नाही. नऊ ऑर्डरींचे १५३ मिळाले, त्यातून ८३ गेले, उरले ७०. दोन परत आल्या तर? आठांचे १३६, गेले १६६. म्हणजे दहा ऑर्डरी पाठवून ३० चा तोटा. कमिशन ३ टक्के का असेना, पण त्यात खिशातून पैसे जात नाहीत.

स्पष्टवक्ता

हिशेब बरोबर आहे, पण तो जाहिरातीवर दुकान चालवणाऱ्याचा आहे. आपल्याकडे वाचक आधीच आहेत, मुद्दा तोच आहे. ते ३५ काढा. एका ऑर्डरीमागे ५२ उरतात. दहांतल्या दोन परत आल्या तरी ४१६ वजा ९६, म्हणजे ३२०. त्याच दहा ऑर्डरींवर ३ टक्क्यांनी कमिशन किती? परत आलेल्या मालाचं तिकडेही कापलं जातं, म्हणजे २४. आपल्या दुकानातून तिकडच्या तेराव्या हिश्श्याइतक्या लोकांनी जरी घेतलं, तरी बरोबरी होते.

मधुरा_लिहिते

तेरावा हिस्सा मिळेल का, हाच तर प्रश्न आहे! मोठ्या दुकानात त्या माणसाचं कार्ड, पत्ता सगळं आधीच भरलेलं असतं. शिवाय तो सोबत आणखी चार वस्तू घेतो आणि त्यांचंही कमिशन आपल्याला मिळतं. अनोळखी दुकानात कार्डाचा नंबर टाकताना माणूस थबकतोच.

माझा दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे. आज मी लिहिते की पाचांतली तिसरी वस्तू चांगली आहे आणि दुसरी घेऊ नका. उद्या ती दुसरी मीच विकत असेन, तर असं लिहीन का? कमिशनमध्येही मोह असतो, मान्य. पण तिथे पाचही वस्तूंवर साधारण सारखेच पैसे मिळतात. स्वतःचा माल आला की निष्पक्ष परीक्षण संपलं, आणि वाचक त्यासाठीच येत होते.

पार्सलवाला

मी दोन्ही केलं आहे. ड्रॉपशिपिंग म्हणजे उंटावरून शेळ्या हाकणं. माल तुम्ही पाहत नाही, पेटी तुम्ही बांधत नाही, आणि शिव्या तुम्हीच खाता. एका ग्राहकाने फोटो पाठवला. टेबलावरचा दिवा अगदी सांगितला होता तसा, प्लग मात्र दुसऱ्याच देशाचा, त्याच्या भिंतीत बसेना. पुरवठादाराचं उत्तर आलं, "वस्तूच्या चित्रात प्लग दिसतच नाही." पैसे मी परत दिले.

कायद्याने विक्रेते तुम्हीच असता. युरोपीय संघात ऑनलाइन घेतलेला बहुतेक माल ग्राहक १४ दिवसांत कारण न देता परत करू शकतो. परदेशातून सुटी पार्सलं पाठवायचं गणितही बदललं आहे. युरोपीय संघाने २२ युरोपर्यंतच्या आयातीवरची व्हॅटची सूट १ जुलै २०२१ पासून काढली. अमेरिकेने ८०० डॉलरपर्यंतची सीमाशुल्क सूट चीन आणि हाँगकाँगच्या मालासाठी २ मे २०२५ ला आणि बाकी सगळ्या देशांसाठी २९ ऑगस्ट २०२५ ला बंद केली. जुने व्हिडिओ बघून उतरणाऱ्यांना याचा पत्ताच नसतो.

करायचंच असेल तर पुरवठादार ग्राहकाच्याच देशातला शोधा. आणि आधी स्वतःच्या पत्त्यावर, ओळख न देता, एक ऑर्डर मागवून बघा.

स्पष्टवक्ता

पार्सलवाला, दोन्ही सूचना मान्य, त्या माझ्या मूळ मतात हव्या होत्या. मधुराताई, तुमच्या आक्षेपावर माझं उत्तर असं: जी वस्तू विकायची तिचं तुलनात्मक परीक्षण लिहायचंच नाही. आणि विक्रेता मीच आहे हे पानावर सगळ्यांत वर लिहायचं.

हिशेब चोख

जाहिरातीचा मुद्दा मी सोडतो. पण याला उत्पन्नाची दुसरी वाट कसं म्हणता? वाचक गूगलवरून येतात, कमिशनसाठीही आणि तुमच्या दुकानासाठीही. गूगलने शोधाचे निकाल लावण्याची पद्धत बदलली, त्या सप्टेंबर २०२३ च्या 'हेल्पफुल कंटेंट' अपडेटनंतर कित्येक परीक्षण साइट्सचं ट्रॅफिक कोसळलं. असं झालं की दोन्ही उत्पन्नं एकाच दिवशी बसतात. शिवाय वर परताव्यांची देणी.

स्पष्टवक्ता

म्हणून तर ग्राहकाचा ईमेल महत्त्वाचा! एकदा घेतलेल्या माणसापर्यंत पुन्हा पोचायला, त्याने परवानगी दिली असेल तर, गूगल लागत नाही. झॅपोस ही ऑनलाइन बूट विकणारी अमेरिकन कंपनी १९९९ मध्ये सुरू झाली तेव्हा बुटांचा साठा न ठेवता कंपन्यांकडून परस्पर पाठवत होती. पुढे ती पद्धत सोडून त्यांनी स्वतःचा साठा ठेवला. काय खपतं ते आधी बघायचं, मग माल भरायचा.

मधुरा_लिहिते

माल भरला की पैसे अडकले. मग तो पूर्णवेळ दुकानदारीचा धंदा झाला, आणि लिहायला वेळ कुठून आणणार? मी तरी ईमेल यादी आधी वाढवेन आणि तिच्यावर स्वतःचं मार्गदर्शक पुस्तक विकेन. त्यात प्लग चुकायचा प्रश्न नाही.

पार्सलवाला

पुस्तकाचं गणितही मांडा की इथे, हिशेब चोख यांच्यासारखं. परतावे त्यातही येतात.