कापलेला मिंगस की अख्खा मिंगस?

खर्जवेडा (धागाकर्ता)

गेला महिनाभर चार्ल्स मिंगसची 'मिंगस आह उम' ही एकच तबकडी दोन रूपांत आलटून पालटून ऐकतोय. माझं मत आता पक्कं झालंय, म्हणून हा धागा.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. मिंगस (1922-1979) हा अमेरिकेतला कृष्णवर्णीय जॅझ बासवादक (बास म्हणजे खर्जाचं मोठं तंतुवाद्य), रचनाकार आणि बँडलीडर. ही तबकडी 5 आणि 12 मे 1959 रोजी न्यूयॉर्कमध्ये कोलंबिया कंपनीसाठी ध्वनिमुद्रित झाली. निर्माता टिओ मासेरो. एकूण नऊ रचना, आणि त्यांतल्या सहा कापून एलपीवर (लाँग प्ले तबकडीवर) घातल्या. 'बर्ड कॉल्स' मुळात सव्वासहा मिनिटांची, एलपीवर उरली सव्वातीन. 'पुसीकॅट ड्यूज' सव्वानऊ मिनिटांवरून साडेसहावर आली. पुढे मिंगस गेल्यावर अख्ख्या रचना बाहेर आल्या, आज त्या सहज मिळतात.

माझं म्हणणं असं की ज्याला मिंगस ऐकायचाय त्याने कापलेली आवृत्ती ऐकूच नये. याचं संगीत तापायला वेळ घेतं. आधी बास एकटा एखादी ओळ घोळवत राहतो, मग एकेक वाजंत्री येऊन त्या ओळीला बिलगतो, आणि कधी सगळे एकदम बोलायला लागले ते कळतही नाही. यातली दोन आवर्तनं उचलून फेकली तर उरतो तो नुसता सांगाडा.

सगळ्यात जास्त लागतं ते 'गुडबाय पोर्क पाय हॅट'चं. सॅक्सोफोनवादक लेस्टर यंग 15 मार्च 1959 ला गेला. दोन महिन्यांच्या आत मिंगसने त्याच्यासाठी हा शोक वाजवला. त्यातलं जवळजवळ एक मिनिट कापून टाकलं. कुणी आपल्या माणसासाठी रडत असताना 'आवरा आता' म्हणण्यासारखं आहे हे.

जुनीतबकडी

खर्जवेडा, लेख मनापासून लिहिलात, पण मला हे पटत नाही.

एलपीची एक बाजू किती मिनिटांची असते हे आधी बघा. बावीस-तेवीस मिनिटांपर्यंत ती नीट वाजते. त्यापुढे गेलात की खाचा जवळजवळ कोराव्या लागतात आणि आवाजाची पातळी खाली आणावी लागते. यात पहिला बळी जातो तो खर्जाचा, कारण खालच्या स्वरांना रुंद खाच लागते. 'आह उम'ची दुसरी बाजू न कापता घातली असती तर तीस मिनिटांची झाली असती. म्हणजे बासवादकाच्या तबकडीवर बासच बारीक! मासेरोने कात्री चालवली म्हणून 'फेबल्स ऑफ फॉबस'मधला तो जड, पाय ओढत चालणारा ठेका अंगावर आला.

दुसरं, ही तबकडी जगाने डोक्यावर घेतली ती याच रूपात. मी 1980 च्या दशकात एका मित्राच्या वडिलांच्या संग्रहातून आणली होती. आवरण फाटलेलं, 'बेटर गिट इट इन युअर सोल'वर एक ओरखडा, दर फेऱ्याला टक् करून वाजायचा. मला ती रचना आजही त्या टक्‌सकट आठवते. काही कापलंय हे मला वीस वर्षं ठाऊक नव्हतं आणि काही कमी आहे असं एकदाही वाटलं नाही. नंतर अख्खी 'बर्ड कॉल्स' ऐकली. चांगली आहे. पण सव्वातीन मिनिटांची रचना चाबकासारखी लागते, सव्वासहाची तशी लागत नाही.

मधला_ठेका

जुनीतबकडी यांच्याशी सहमत. लांब म्हणजे खोल असं नसतं.

फीतजोड

माझं रोजचं काम ध्वनिसंपादनाचं आहे, त्यामुळे या धाग्यावर गप्प बसवेना.

तुम्ही दोघंही कात्री म्हणजे कंपनीची असं धरून चाललायत. मिंगसच्या आयुष्यातली सगळ्यात मोठी कापाकापी त्याच्या स्वतःच्या मर्जीने झालेली आहे. 'द ब्लॅक सेंट अँड द सिनर लेडी'. 20 जानेवारी 1963, इम्पल्स कंपनी, निर्माता बॉब थील, मिंगस धरून अकरा वादक. त्या दिवशी जे वाजलं ते तबकडीवर सरळ आलेलं नाही. तुकडे उचलून दुसरीकडे जोडले, काही पुन्हा वापरले, आणि चार्ली मारियानोला परत बोलावून त्याचा आल्टो सॅक्सोफोन वरून वाजवून घेतला. 1963 मध्ये जॅझवाल्यांना ही चोरी वाटायची. मिंगसला ती रचना करण्याचीच एक रीत वाटत होती.

तेव्हा हे काम कसं व्हायचं ते सांगतो, म्हणजे अंदाज येईल. फीत हाताने पुढे-मागे ओढत नेमका आघात शोधायचा, मागच्या बाजूला पेन्सिलने खूण करायची, खाचेच्या ठोकळ्यावर ठेवून ब्लेडने तिरकी कापायची. तिरकी अशासाठी की एक आवाज मावळताना दुसरा उगवावा, खट् असा आवाज येऊ नये. मग दोन टोकं जोडून मागून चिकटपट्टी. एवढं करूनही हेडफोन लावून ऐकलंत तर काही ठिकाणी जोड कळतो. झांजेची आस हवेत असते आणि अचानक तिच्या जागी दुसऱ्याच क्षणाची हवा येते. लय मात्र बरोबर पडते. मी असे जोड शोधत ही तबकडी कितीदा ऐकली असेन, आणि दर वेळी क्वेंटिन जॅक्सनचा ट्रॉम्बोन माणसासारखा विव्हळायला लागला की जोड शोधायचं विसरतो.

तेव्हा खर्जवेडा, 'कापलेला मिंगस ऐकू नये' हा तुमचा नियम लावला तर त्याची सर्वोत्तम कृतीच ऐकता येणार नाही.

खर्जवेडा

फीतजोड, हे मान्य. माझं वाक्य मी दुरुस्त करतो. प्रश्न कापण्याचा नाही, कुणाच्या हाताने कापलं याचा आहे. 'ब्लॅक सेंट'मध्ये रचनाकार स्वतः ठरवतोय की हा तुकडा इथे. 'आह उम'मध्ये दुसरा माणूस मिनिटं मोजतोय.

जुनीतबकडी

मासेरो म्हणजे कुणी कारकून नव्हता हो. तो स्वतः सॅक्सोफोनवादक आणि रचनाकार, 1950 च्या दशकात मिंगसबरोबर वाजवलेला. आणि 1971-72 मध्ये मिंगस कोलंबियाकडे परतला, 'लेट माय चिल्ड्रेन हिअर म्युझिक' केली, तेव्हाही निर्माता मासेरोच. ज्याने आपल्या शोकगीताचा गळा दाबला असं वाटलं असतं, त्याच्याबरोबर मिंगससारखा माणूस पुन्हा बसला असता?

उत्तररात्र

'स्वतःच्या हाताने केलं म्हणजे चालतं' या युक्तिवादावर माझा आक्षेप आहे, आणि तो मिंगसवर मनापासून प्रेम असूनही.

15 मे 1953, टोरांटोचा मॅसी हॉल. चार्ली पार्कर (सॅक्सोफोन), डिझी गिलेस्पी (ट्रंपेट), बड पॉवेल (पियानो), मॅक्स रोच (ड्रम) आणि मिंगस. पाचही जण एका मंचावर. पार्करच्या हातात प्लास्टिकचा सॅक्सोफोन. त्याच रात्री मार्सियानो-वॉलकॉट यांची मुष्टियुद्धाची लढत होती, त्यामुळे सभागृह बरंचसं रिकामं. फीत मिंगस आणि रोच यांच्या स्वतःच्या डेब्यू या कंपनीने काढली. पार्करचा करार दुसऱ्या कंपनीशी, म्हणून आवरणावर त्याचं नाव 'चार्ली चॅन'.

त्या फितीवर बास नीट ऐकू येत नव्हता. मिंगसने न्यूयॉर्कला परतून स्वतःचा बास त्यावर पुन्हा वाजवला. मूळ फीत, वरून काही न वाजवलेली, पुढे निघाली. दोन्ही ऐका. मूळ फितीवर बास दूर आहे, पण तो त्या रात्रीचा आहे. बाकीच्या चौघांनी जे ऐकून वाजवलं ते हेच. वरून वाजवलेल्या बासला सगळं आधीच माहीत आहे. पॉवेल पुढे कुठे वळणार, ड्रमचा आघात कुठे येणार, सगळं. मैफलीत असं कुणालाच माहीत नसतं. ती एका ऐतिहासिक रात्रीची नोंद होती आणि तिच्यात त्याने हात घातला. मासेरोने मिनिटं कापली, पण जे ठेवलं ते तरी त्याच दिवशीचं ठेवलं.

फीतजोड

उत्तररात्र, ऐकू न येणारा बास ही तरी कसली नोंद? समोर बसलेल्यांना तो ऐकू येत होता. फितीला आला नाही, हा दोष यंत्रणेचा. त्याने सभागृहात होतं ते परत आणलं.

उत्तररात्र

परत आणलं नाही, नवीन वाजवलं. यातला फरक तुमच्याच व्यवसायातल्या माणसाने पुसू नये असं मला वाटतं.

परसातली_जाई

मी न्यू जर्सीत असते. मिंगसच्या रचना वाजवणारा मिंगस बिग बँड दोन-तीनदा ऐकलाय. थोडी वेगळी बाजू मांडते.

मिंगस आपल्या वादकांना लिहिलेले कागद देणं टाळायचा. पियानोवर बसून किंवा गाऊन प्रत्येकाला त्याची ओळ शिकवायचा. मी लहानपणी गाणं शिकले ते बाईंच्या समोर बसून, वही बंद ठेवून, त्यामुळे हे वाचल्यावर मला लगेच कळलं की तो हे कशासाठी करत असेल. कागदावरून ओळ वाचली की ती फक्त बरोबर येते. कानातून घेतली की ती आपल्या गळ्याची होऊन येते. 'आह उम'वर 'पोर्क पाय हॅट'मध्ये टेनर सॅक्सोफोन वाजवणारा जॉन हँडी याच तालमीतला. सोलोमध्ये तो एका स्वरावर थांबून जीभ फडफडवतो, श्वास थरथरतो. असं कुठल्या कागदावर लिहिणार? याच हँडीने 1975 मध्ये अली अकबर खाँ यांच्या सरोदबरोबर ध्वनिमुद्रण केलं आणि तबल्यावर होता आपल्या मुंबईचा झाकिर हुसेन. आणि वर ज्याचं नाव आलं तो मारियानो पुढे दक्षिण भारतात येऊन नादस्वरम शिकला. मिंगसची स्वतःची रक्षाही त्याच्या पत्नीने गंगेत सोडली. मला यात गूढबिढ काही दिसत नाही. कानाने शिकलेली माणसं कानाने शिकवणाऱ्यांकडे आली, इतकंच.

आणि म्हणून मी खर्जवेडा यांच्या बाजूने आहे. कानाने शिकलेल्या संगीतात 'अनावश्यक आवर्तन' असं नसतंच. तिसऱ्या आवर्तनात वादक जे करतो ते दुसऱ्याचं ऐकून करतो. मधलं काढलंत की तिसरा कुणाला उत्तर देतोय ते कळेनासं होतं.

मधला_ठेका

मग 1960 च्या, कँडिड कंपनीच्या तबकडीबद्दल बोलू. 'चार्ल्स मिंगस प्रेझेंट्स चार्ल्स मिंगस'. चौघंच : मिंगस, एरिक डॉल्फी, टेड कर्सन, डॅनी रिचमंड. निर्माता नॅट हेंटॉफ. सगळ्यांच्या मते त्याची सर्वात जिवंत तबकडी. सुरुवातीला मिंगस श्रोत्यांना सांगतो की टाळ्या वाजवू नका, पेल्यातला बर्फ वाजवू नका, गल्ल्याचा आवाज नको. आणि तिथे श्रोता एकही नाही! स्टुडिओ आहे तो. दिवे मंद करून क्लब असल्याचं धरलं आणि वाजवलं. म्हणजे ज्याला आपण 'अस्सल' म्हणतो ते रचलेलंच होतं.

खर्जवेडा

बरोबर, आणि ते रचलं वादकांसाठी, ऐकणाऱ्याला फसवायला नाही. क्लबमध्ये हे चौघं रात्री अनेक आठवडे वाजवत होते, तीच हवा त्याला हवी होती.

याच तबकडीवर फॉबसची रचना शब्दांसकट आहे. आर्कान्सॉचा गव्हर्नर ऑर्व्हल फॉबस. 1957 मध्ये लिटल रॉकच्या शाळेत नऊ काळ्या मुलांना शिरू द्यायचं नाही म्हणून याने राज्याचे सैनिक उभे केले. मिंगस ओरडून विचारतो, हास्यास्पद माणसाचं नाव सांग, आणि रिचमंड ड्रम वाजवता वाजवता फॉबसचं नाव घेतो. 'आह उम'वर हीच रचना मुकी आहे. सव्वाआठ मिनिटं, कापलेली नाही, पण मुकी. माझ्या दृष्टीने तीच खरी कात्री.

जुनीतबकडी

कोलंबियाने शब्द गाऊ दिले नाहीत ही एक हकीकत आहे. शब्द तेव्हा तयारच नव्हते, ते नंतर जोडले, ही दुसरी. पहिलीच गृहीत धरून कंपनीला दोष देणं मला योग्य वाटत नाही. आणि मला मुकीच जास्त झोंबते. नाव न घेता, फक्त त्या वाकड्या, डुलत्या सुरांनी एका गव्हर्नरची चाल उभी केलीय. शब्द आले की ती घोषणा होते.

परसातली_जाई

घोषणा झाली तर काय बिघडलं? त्या नऊ मुलांच्या वतीने कुणीतरी ओरडायला हवंच होतं.

उत्तररात्र

एक गोष्ट या धाग्यात यायला हवी. 'आह उम'वरचा ट्रॉम्बोनवादक जिमी नेपर. 1962 मध्ये न्यूयॉर्कच्या टाउन हॉलमधल्या मैफलीची तयारी चालू असताना मिंगसने त्याच्या तोंडावर ठोसा मारला, दात तुटला, ट्रॉम्बोनचे वरचे स्वर लागेनासे झाले. प्रकरण न्यायालयात गेलं, मिंगस दोषी ठरला. 'पुसीकॅट ड्यूज'मधली जी पावणेतीन मिनिटं कापली होती ती परत आली, हे मला त्यामुळे वेगळ्या कारणाने मोलाचं वाटतं. त्या रचनेत नेपर आहे, ठोसा बसण्याआधीचा.

खर्जवेडा

उत्तररात्र, हे वाचून थोडा वेळ काही लिहावंसं वाटलं नाही. आत्ता पुन्हा 'पुसीकॅट ड्यूज' लावली. अख्खी. हँडी इथे क्लॅरिनेटवर आहे आणि नेपरचा ट्रॉम्बोन इतका सावकाश, इतका मऊ येतो की लाकडी जिना उतरणारं कुणी असावं.

मॅसी हॉलबद्दल तुमचं म्हणणं मी पूर्ण मान्य करतो. तिथे मी मूळ फीतच ऐकेन, बास ऐकू आला नाही तरी. 'पोर्क पाय हॅट'बद्दल मात्र जुनीतबकडींनी मला एलपीचं कितीही गणित शिकवलं तरी तसूभर हलणार नाही.

जुनीतबकडी

हलू नका. मीही माझी टक् वाजणारी एलपी विकणार नाही. फक्त एक करा : 'बर्ड कॉल्स'चं सव्वातीन मिनिटांचं रूप एकदा रात्री मोठ्याने ऐका आणि इथे लिहा.