नर्सरीचा प्रवेश, ठाणे: मुलाखतीनंतर नकार आला, मुलीला या वर्षी घालावे की एक वर्ष थांबावे?

प्रश्न: वाघबीळची आई

नमस्कार. आम्ही घोडबंदर रस्त्यावर वाघबीळला राहतो. माझी मुलगी नोव्हेंबर २०२३ मधली आहे आणि जून २०२६ मध्ये तिला नर्सरीत घालावे, या विचाराने आम्ही दसऱ्यापासून शाळांचे अर्ज भरत आहोत. आतापर्यंत चार अर्ज झाले. त्यांच्यापोटी ४,७०० रुपये गेले असून प्रवेश मिळो वा न मिळो, ते परत मिळणार नाहीत. एका शाळेचा अर्ज ऑनलाइन होता. सकाळी दहाला तो खुला झाला आणि दहा वाजून आठ मिनिटांनी अर्जांची मर्यादा संपल्याचा संदेश आला. आम्ही दोघे दोन फोन घेऊन बसलो होतो म्हणून आमचा अर्ज गेला. शेजारच्या घरातला राहिला.

त्याच शाळेने आम्हाला तिघांना 'इंटरॅक्शन'साठी बोलावले. ही मुलाखत नाही, असे त्यांनी तीनदा सांगितले. आम्हा दोघांना शिक्षण, नोकरीची वेळ, घरी कोणती भाषा बोलतो आणि मूल कोण सांभाळते, हे विचारले. मग मुलीसमोर चित्रे ठेवली. कावळ्याच्या चित्रावर बोट ठेवून ती आनंदाने "काऊ" म्हणाली. बाईंनी मान हलवली, पुढचे पान उलटून गाय दाखवली आणि "नो बेटा, काऊ इज दिस" असे म्हणाल्या. माझी मुलगी माझ्याकडे पाहू लागली. त्यानंतर तिने एकाही चित्राला उत्तर दिले नाही. आठ दिवसांनी नकाराचा ईमेल आला, त्यात कारण नव्हते. त्या रात्री चिऊकाऊची गोष्ट सांगायला घेतली तेव्हा तिने विचारले, "काऊ नाही म्हणायचं?" तेव्हापासून माझे मन स्थिर नाही.

आता दुसऱ्या एका शाळेने प्रवेश देऊ केला आहे, पण ती पाचपाखाडीत, आमच्यापासून आठ-नऊ किलोमीटरवर आहे, आणि तीन दिवसांत पूर्ण रक्कम भरायला सांगत आहे. घराजवळ तुलनेने लहान शाळा आहे, तिचे नाव फारसे कोणी घेत नाही. सासूबाईंचे म्हणणे आहे की मूल अजून लहान आहे, वर्षभर घरी राहू द्या. ओळखीतली मंडळी म्हणतात की नर्सरीत शिरकाव झाला नाही तर पुढे पहिलीला जागाच नसते. या अनुभवातून गेलेल्यांनी किंवा या क्षेत्रातल्या जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद: नौपाडाकर

ताई, दोन वर्षांपूर्वी मी याच चक्रातून गेले आहे, म्हणून सविस्तर लिहिते.

ओळखीच्या मंडळींचे म्हणणे अर्धे खरे आहे. ज्या शाळांत नर्सरीपासून दहावीपर्यंतचे वर्ग एकाच आवारात आहेत, तिथे पहिलीच्या बहुतेक जागा सिनिअर केजीतून वर आलेल्या मुलांनीच भरतात, आणि नर्सरीतही आधी शाळेत असलेल्या मुलांची भावंडे, कर्मचाऱ्यांची मुले आणि माजी विद्यार्थ्यांची मुले घेतल्यावर जे उरते त्यासाठी आपण सगळे रांगेत असतो. त्यामुळे नकार आला की आपल्या मुलात काही कमी आहे असे वाटते, तेव्हा जागाच किती उरल्या होत्या हे आपल्याला माहीत नसते. पण हे सगळे नावाजलेल्या मोजक्या शाळांचे आहे. घोडबंदर पट्ट्यात संकुले वाढली तशा शाळाही वाढल्या आहेत, आणि कुटुंबे घर बदलतात तेव्हा दुसरी-तिसरीतही जागा रिकाम्या होतात. माझ्या मोठ्या मुलाला दुसरीत, तेही मे महिन्यात, आधी नकार दिलेल्या शाळेतच प्रवेश मिळाला.

पाचपाखाडीच्या शाळेबाबत निर्णय घेण्यापूर्वी एक काम अवश्य करा. शाळेच्या बसच्या वेळेला, म्हणजे सकाळी सातच्या सुमारास आणि दुपारी सुटण्याच्या वेळेला, त्या रस्त्याने स्वतः एकदा जाऊन या. नकाशावरचे अंतर आणि घोडबंदर रस्त्यावरचे अंतर वेगळे असते. मेट्रोच्या कामामुळे माजिवड्यापर्यंत पोहोचण्याचे गणित रोज बदलते, हे आपण जाणताच. शिवाय बस थेट जात नाही, वीस-बावीस मुले गोळा करत जाते. आमच्या मुलाचा शाळेतला वेळ तीन तासांचा आणि बसमधला येऊन-जाऊन दोन तासांचा होत असे. तो घरी यायचा तो झोपलेलाच, आणि जेवण चुकायचे. आम्ही वर्षाच्या आत ती शाळा सोडली, भरलेले पैसे तिथेच राहिले.

पैशांचेही सांगते. सांगितलेल्या रकमेत प्रवेश शुल्क, अनामत, सत्र शुल्क, गणवेश, पुस्तके आणि बस यांपैकी काय धरले आहे आणि प्रवेश रद्द केल्यास काय परत मिळते, हे लेखी मागा. तोंडी उत्तर उपयोगाचे नाही. जन्मदाखल्यावर मुलीचे नाव चढले आहे का तेही पाहा, कारण पुष्कळ दाखल्यांवर नावाची जागा कोरी असते आणि ऐन वेळी महापालिकेत खेटे घालावे लागतात.

प्रतिसाद: पाचपाखाडीतला वकील

कायद्यापुरते लिहितो, कारण याविषयी पालकांमध्ये दोन टोकांचे गैरसमज आहेत.

शिक्षण हक्क कायदा २००९ साली झाला आणि १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्याच्या कलम १३ नुसार प्रवेश देताना कॅपिटेशन फी, म्हणजे ठरलेल्या शुल्काखेरीज देणगी वगैरे, घेण्यास आणि मुलाची किंवा पालकांची चाचणी घेण्यास मनाई आहे. यादृच्छिक निवड, म्हणजे सोडत, याखेरीज एका मुलाला दुसऱ्यापेक्षा पुढे नेणारी कोणतीही पद्धत या कायद्याच्या व्याख्येत चाचणीच ठरते, मग शाळा तिला 'इंटरॅक्शन' म्हणो की 'गप्पा'. पहिल्या उल्लंघनाला २५,००० रुपयांपर्यंत आणि पुढच्या प्रत्येक उल्लंघनाला ५०,००० रुपयांपर्यंत दंड आहे. कॅपिटेशन फी घेतल्यास तिच्या दहापट दंड होऊ शकतो.

अडचण वयाची आहे. हा कायदा ६ ते १४ वर्षांच्या मुलांसाठी आहे. पूर्वप्राथमिक वर्ग असलेल्या शाळांना दुर्बल व वंचित घटकांसाठीच्या २५ टक्के राखीव जागांची तरतूद स्पष्टपणे लागू आहे, परंतु उरलेल्या नर्सरी प्रवेशांना कलम १३ लागू होते का, हा वादाचा मुद्दा राहिला असून दिल्ली उच्च न्यायालयाने २०१३ मध्ये ते लागू होत नाही असा निर्णय दिला होता. म्हणून "मुलाखत घेतली, आता शाळेवर खटला भरतो" असे म्हणणे जितके घाईचे, तितकेच "नर्सरीला काही नियमच नाहीत" हे चुकीचे. देणगीच्या बाबतीत आपल्या राज्यात १९८७ चा कॅपिटेशन फी प्रतिबंधक कायदा स्वतंत्रपणे आहे. पावतीशिवाय एक रुपयाही देऊ नका. कोणी मागितलाच, तर महापालिकेच्या शिक्षण विभागाकडे लेखी तक्रार करा आणि पोहोच घ्या.

शाळेला मान्यता आहे का, हेही पाहा. प्रत्येक मान्य शाळेला यू-डायस, म्हणजे सरकारी नोंदीतला अकरा अंकी शाळा-क्रमांक, असतो. तो मागून घ्या आणि यू-डायसच्या संकेतस्थळावर पडताळा. महापालिका अनधिकृत शाळांची यादी प्रसिद्ध करते, ती प्रवेशापूर्वी वाचणे हे पालकांच्या हातात आहे.

प्रतिसाद: निवृत्त बालवाडी शिक्षिका

मी एकतीस वर्षे तीन ते सहा वयाची मुले सांभाळली. आपला प्रश्न वाचून त्या मुलीला जवळ घ्यावेसे वाटले.

तिचे उत्तर बरोबर होते. चित्र ओळखले, त्याला आपल्या भाषेतले नाव दिले आणि अनोळखी माणसासमोर ते उच्चारले. अडीच वर्षांच्या मुलाकडून याहून अधिक काय हवे? ज्या बाईंना कावळ्याला मराठी घरात काऊ म्हणतात हे ठाऊक नाही, किंवा ठाऊक असून चालत नाही, त्यांच्या हाती मूल दिले गेले नाही याचे मला तरी वाईट वाटत नाही. आणि तिने रात्री जे विचारले त्याचे उत्तर देऊन टाका: काऊ म्हणायचे, कावळा म्हणायचे, शाळेत गेल्यावर 'क्रो' हेही म्हणायचे, सगळी नावे त्याचीच. २०२२ च्या पायाभूत स्तराच्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यानेही या वयात शिकण्याची भाषा शक्यतो घरचीच असावी असे म्हटले आहे. हे नवे नाही. याच जुन्या ठाणे जिल्ह्यात, बोर्डीला १९४५ साली आणि पुढे १९५७ पासून कोसबाडच्या टेकडीवर, ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी आदिवासी मुलांसाठी बालवाड्या चालवल्या, आणि शंख-शिंपले, बिया, खडे, पाने हीच साधने मुलांच्या हाती दिली. मूल शाळेत येत नसेल तर शाळेने त्याच्या अंगणात जावे, हा त्यांचा आग्रह होता. आज आपण मुलाला आठ किलोमीटर नेऊन विचारतो की तू आमच्या योग्यतेचा आहेस का. मला हे मनापासून चुकीचे वाटते.

आता वयाचे. राज्याच्या नियमानुसार त्या वर्षीच्या ३१ डिसेंबरला तीन वर्षे पूर्ण हवीत, त्यामुळे आपली मुलगी जून २०२६ साठी पात्र आहे. पण जूनमध्ये ती दोन वर्षे सात महिन्यांची असेल, आणि त्याच वर्गात जानेवारी २०२३ ची मुले तीन वर्षे पाच महिन्यांची असतील. मोठ्यांच्या जगात दहा महिने काहीच नसतात. या वयात दहा महिने म्हणजे स्वतः शी-शू सांगता येणे, डबा उघडता येणे, रडू आवरता येणे. लहान मूल मागे पडत नाही, पण बाईंनी दोघांना एकाच मापाने मोजले तर ते स्वतःला मागे समजू लागते. म्हणून वर्गात पंधरा मुले आणि दोन ताई असतील तर या वर्षी खुशाल घाला, आणि पस्तीस मुले व एकच बाई असेल तर सासूबाईंचे ऐका. त्यांचे म्हणणे मला शहाणपणाचे वाटते. थांबायचे ठरवले तर पुढच्या वर्षीसाठी शाळेची कमाल वयाची अट काय आहे, एवढे मात्र आधी विचारून घ्या.

घराजवळच्या लहान शाळेत सकाळी अकराच्या सुमारास जा. त्या वेळी मुले थकलेली असतात आणि बाईही, त्यामुळे शाळा जशी आहे तशी दिसते. एखादे मूल रडत असेल तर त्याच्याकडे कोण जाते आणि खाली बसून बोलते की उभ्यानेच, ते पाहा. शौचालयाचे भांडे लहान आहे का, नळापर्यंत हात पोहोचतो का, ते पाहा. भिंतीवरची चित्रे एकसारखी असतील तर ती बाईंनी काढलेली आहेत असे समजा. नर्सरीच्या मुलांच्या हाती पेन्सिल देऊन ओळी गिरवून घेत असतील तर कारण विचारा. त्या बोटांना आधी माती मळणे, मणी ओवणे, कागद फाडणे, पाणी ओतणे हवे असते. पहिल्या आठवड्यात आईला वर्गाबाहेर बसू देतात का, हाही प्रश्न विचारा. "रडतील दोन दिवस, होतील गप्प" असे उत्तर आले तर ती शाळा माझ्या मनातून उतरेल.

प्रतिसाद: नेरुळचा बाबा

वयाच्या मुद्द्यात थोडी भर घालतो, कारण माझी नोकरी बदलीची आहे. राज्याचा ३१ डिसेंबरचा नियम सगळीकडे चालत नाही. केंद्रीय विद्यालयात पहिलीसाठी ३१ मार्चला सहा वर्षे पूर्ण लागतात. आपली मुलगी आत्ता नर्सरीत गेली तर जून २०२९ मध्ये पहिलीला येईल, पण ३१ मार्च २०२९ ला ती पाच वर्षे चार महिन्यांची असेल. पुढे बदलीची शक्यता असेल तर हा हिशेब आजच करावा. आमच्या मुलाचे पूर्ण वर्ष यामुळे गेले.

दुसरे असे, की खासगी शाळांबाहेरही पाहावे. नवी मुंबई महापालिका सीवूड्स आणि कोपरखैरणे येथे सीबीएसईच्या शाळा चालवते, आणि तिथे अर्ज जास्त आले की नर्सरीची निवड सोडतीने होते. आमचे नाव सोडतीत आले नाही, तरीही वाईट वाटले नाही, कारण माझ्या मुलाला कोणी पारखून नाकारले नव्हते.

वाघबीळची आई

सर्वांचे मनःपूर्वक आभार. ह्यांची नोकरी खासगी असली तरी पुण्याला जाण्याची शक्यता आहे, त्यामुळे ३१ मार्चचा मुद्दा आम्ही लक्षात ठेवला आहे. काल सकाळी आम्ही दोघे पाचपाखाडीपर्यंत जाऊन आलो. वाघबीळ नाक्यावरून निघाल्यापासून शाळेच्या फाटकापर्यंत पन्नास मिनिटे लागली, आणि तेही वाटेत कुठे न थांबता. ती जागा आम्ही सोडत आहोत. घराजवळच्या शाळेत नर्सरीच्या वर्गात अठरा मुले आणि दोन ताई आहेत, असे फोनवर समजले. यू-डायस क्रमांकही त्यांनी लगेच सांगितला. सोमवारी अकरा वाजता वर्ग पाहायला या, असे म्हणाल्या. बाई, मुलीला बरोबर न्यावे की मी एकटीने जावे?

निवृत्त बालवाडी शिक्षिका

सोमवारी एकट्याच जा, म्हणजे आपले लक्ष वर्गाकडे राहील. शाळा पटली तर दुसऱ्या दिवशी तिला घेऊन जा, पण वर्गात न नेता अंगणात अर्धा तास खेळू द्या. घरी परतताना "शाळा आवडली का" असे विचारू नका. ती आपणहून काय सांगते ते ऐका आणि इथे कळवा.