उद्यमबागेतल्या पोरानं स्पोर्ट बाईक घ्यावी की नाही?

उद्यमबाग_सेटर

मी बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत काम करतो. एप्रिलियाची ४५७ सीसीची स्पोर्ट बाईक घेऊ का म्हणून इथं विचारलं, त्यावर काल वडगावच्या काकांनी लिहिलं, "बेळगावच्या पोरांची स्पोर्ट बाईक म्हणजे बापाच्या गुंठ्यावर केलेला माज. रस्ता नाही, सर्व्हिस नाही, अक्कल नाही. दीडशे सीसी पुरे." गप्प बसणार होतो. रात्रपाळी करून आलो, आंघोळ केली, तरी डोक्यातनं जाईना.

काका, आमच्याकडं गुंठा नाही. वडील फाउंड्रीत मोल्डिंगला होते, मी सीएनसीवर, म्हणजे संगणकावर चालणाऱ्या मशीनवर, सेटर आहे. पाच वर्षं ओव्हरटाइमचा पैसा वेगळ्या खात्यात टाकला. त्यातनं एप्रिलियाची आरएस ४५७ घ्यायची आहे. ती बारामतीत बनते. दोन सिलिंडर, २७० अंशांचा क्रँक (पिस्टननं फिरणारा शाफ्ट), ९४०० आरपीएमला ४७.६ पीएस ताकद. आमच्या शॉपमध्ये शाफ्टचं जर्नल, म्हणजे बेअरिंगमध्ये फिरणारा भाग, मायक्रॉनमध्ये मोजतात. एवढ्या फेऱ्यांना तो क्रँक न थरथरता फिरतो म्हणजे कुणीतरी माझ्यासारख्यानंच मशीनवर उभं राहून ते साधलंय. पुण्याला जाऊन टेस्ट राइड घेतली तेव्हा मला पहिल्यांदा हे जाणवलं. तुम्हाला माज दिसतो, मला त्यात माझं काम दिसतं.

आणि दीडशे सीसी मी सहा वर्षं चालवली. हायवेला ट्रक ओलांडताना तिचा दम संपतो आणि आपण ट्रकच्या शेजारीच अडकून पडतो. तो अर्धा मिनिट मला जास्त भीतीचा वाटतो. युरोपात ३५ किलोवॉटपर्यंतची गाडी ए-टू परवान्यावर, म्हणजे १८ वर्षांच्या पोराला चालवता येते. ४७.६ पीएस म्हणजे ३५ किलोवॉट, ४५७ त्याच हद्दीत बसते. हिला राक्षस म्हणणं बरोबर नाही.

वडगावचा_काका

युरोपात तो परवाना वेगळी परीक्षा देऊन मिळतो, ते का नाही लिहिलंस? आपल्याकडं गिअरच्या गाडीचा एक परवाना काढला की शंभर सीसी पण चालवा आणि १३४० सीसीची हायाबुसा पण. आठ आकडा काढून दाखवला की झालं. माझा राग त्या गोष्टीवर आहे.

आता रागाचं खरं कारण सांगतो. माझा पुतण्या जानेवारीत संध्याकाळी संकेश्वरकडनं येत होता. पुढं उसाचा ट्रॅक्टर, मागं दोन ट्रॉल्या, दिवा नाही, रिफ्लेक्टर नाही, ऊस मागं चार-पाच फूट बाहेर. समोरनं येणाऱ्याचा लाइट डोळ्यावर. ब्रेकची खूणसुद्धा रस्त्यावर नव्हती. २४ वर्षांचा होता. त्याची गाडी उचलायला मी गेलो होतो.

चोर्ला_पहाटे

काका, वाईट वाटलं. पण विचारतो, रागावू नका. त्याची गाडी कुठली होती?

वडगावचा_काका

दोनशे.

चोर्ला_पहाटे

मग हा दोष सीसीचा की ट्रॉलीचा?

वडगावचा_काका

मेलेल्या पोराचे सीसी मोजू नकोस. ताशी ८० ला सेकंदाला २२ मीटर जातं, १२० ला ३३. ट्रॉली दिसायला एक सेकंद उशीर झाला की एवढा रस्ता गेला, ब्रेक त्याच्या पुढं. मोठी गाडी हातात आली की ८० वर कोण थांबतो? चौपदरीवर दुचाकीला ८० ची मर्यादा आहे. तू थांबतोस?

चोर्ला_पहाटे

नेहमी नाही थांबत. खोटं बोलणार नाही.

माझ्याकडं साडेसहाशे सीसीची आहे, चौथं वर्ष. सेटर, तुला कुणी सांगत नाही ते सांगतो. आपल्याकडं चार महिने पावसाचे, त्यात चोर्ला घाटात धुकं एवढं की पुढच्या चाकाखालची रेघ दिसत नाही. मग नोव्हेंबर ते मार्च गळीत हंगाम, त्यात निपाणी-चिकोडी भाग संध्याकाळनंतर सोडून द्यायचा. राहिले किती दिवस? मला वर्षात मनासारखी गाडी चालवायला तीस-चाळीस पहाटा मिळतात. साडेपाचला निघायचं, जांबोटी, कणकुंबी, माउलीच्या देवळापाशी चहा, नऊला घरी. जांबोटीच्या पुढं ऊस नाही, पण जंगल आहे. एकदा वळणावर गवा उभा होता. मी ४० च्या वेगात होतो म्हणून आज लिहितोय.

तरी त्या तीस पहाटांसाठी मी गाडी परत घेईन.

आणि सर्व्हिस. माझ्या गाडीच्या कंपनीचं सर्व्हिस सेंटर बेळगावात नाही. क्लचचा एक पार्ट यायला सात आठवडे लागले, तोवर ऐन ऑक्टोबरात गाडी ताडपत्रीखाली. फोन केला की "पुढच्या आठवड्यात". काकांचं "सर्व्हिस नाही" हे वाक्य मला मान्य करावंच लागतं.

तिसरं_गेट

मी मुलगी आहे, टीव्हीएसची आरआर ३१० चालवते, तर माझंही ऐका. सेटर, तू पीएस मोजतोयस, बिल मोज. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंत जीएसटी १८ टक्के, त्याच्या वर ४० टक्के. विम्यात पण तीच रेघ. नव्या गाडीचा पाच वर्षांचा थर्ड पार्टी विमा १५० ते ३५० सीसीला ७,३६५ आणि वर गेलं की १५,११७. माझी ३१२ सीसी, ३८ पीएस. दहा पीएससाठी तू किती जादा देतोयस ते कागदावर मांड.

दुसरं, तू रोज उद्यमबागेत हीच नेणार का? तिसऱ्या रेल्वे गेटपाशी गर्दीत अडकलं की इंजिनाची गरम हवा मांड्यांवर येते, मनगटावर सगळं वजन. मी पहिल्या महिन्यात रडले होते. जुनी दीडशे विकू नकोस, कामाला ठेव.

शिनोळीकर

एवढा हिशोब करालाय, तर पासिंग कोल्हापूरला कर की गा. कर्नाटकात लाखाच्या वरच्या दुचाकीला १८ टक्के आजीव कर. महाराष्ट्रात बराच कमी. चार लाखांच्या गाडीला वीस-पंचवीस हजार वाचतात, त्यात चांगलं जॅकेट आणि हेल्मेट येतं. सीमेपलीकडं चंदगड तालुक्यात मामा-मावशी कुणाचे नाहीत? पत्ता मिळतो.

निपाणी_२३

असलं सांगू नका. दुसऱ्या राज्याची गाडी इथं बारा महिन्यांच्या वर ठेवली की परत नोंदणी, परत इथला कर, आणि तिकडचा परतावा मागत फिरायचं. पोरगं रोज उद्यमबागेत गाडी लावणार, कोण म्हणणार ही पाहुण्याची?

शिनोळीकर

कर जाऊ दे. मराठी माणसानं गाडीवर एमएच लावली तर तुम्हाला का टोचतं? १९५६ पासनं आपण कशासाठी भांडतोय? २००४ पासनं सर्वोच्च न्यायालयात दावा पडलाय. निदान गाडीवर तरी आपलं राज्य दिसू दे.

निपाणी_२३

मला टोचतं, कारण मी भोगलंय. ६ डिसेंबर २०२२ ला हिरेबागेवाडी टोलनाक्यापाशी महाराष्ट्र पासिंगच्या ट्रकांवर दगड पडले. त्याच दिवशी पुण्यात स्वारगेटला कर्नाटकच्या बसना काळं फासलं. मी त्या आठवड्यात केए-२३ ची, म्हणजे कर्नाटक पासिंगची, गाडी घेऊन पुण्यात होतो. घरात मराठी, शाळा मराठी, आजोबा सत्याग्रहात तुरुंगात गेलेले. आणि पार्किंगमध्ये एक पोरगा मला म्हणतो, "कानडी, गाडी काढ." इकडं आम्ही मराठी म्हणून परके, तिकडं नंबर बघून परके. माझी मराठी नंबर प्लेटवर नाही, माझ्या घरात आहे.

शिनोळीकर

म्हणून काय केए मिरवायची?

निपाणी_२३

मिरवत नाही. इथं राहतो, इथल्या रस्त्यावर चालवतो, इथं कर भरतो. मग खड्ड्याबद्दल महापालिकेत भांडायला मला तोंड राहतं. तुम्ही तिकडं कर भरून इथला रस्ता मागणार कुठल्या हक्कानं?

आरएक्स_शंभर

सीमाप्रश्न सोडवायचा तर १ नोव्हेंबरच्या काळ्या दिनाच्या फेरीत या, दोघंही. पोरगं गाडीचं विचारतंय.

शिनोळीकर

मी दरवर्षी असतो फेरीत. काळी पट्टी लावून. तुम्ही मला शिकवू नका.

निपाणी_२३

मी पण असतो. केए-२३ वर बसूनच येतो.

आरएक्स_शंभर

बरं. आता माझं. माझ्याकडं ९४ ची आरएक्स १०० आहे. ९८ सीसी, अकरा बीएचपी. खडे बाजारात तिला बघून म्हातारी माणसं थांबतात. सेटर, चार लाख घालण्याआधी एकदा टू-स्ट्रोक उघडून बघ. अख्खं इंजिन एका दुपारी खाली येतं, पिस्टन बदलला की परत नवं. सात आठवडे पार्टची वाट बघायला लागत नाही, उद्यमबागेत लेथवर फिरवून मिळतो. ज्या गाडीचं पोट आपल्याला उघडता येत नाही ती आपली कशी म्हणायची?

उद्यमबाग_सेटर

आरएक्सला मी नमस्कारच करतो. पण तिला पुढं ड्रम ब्रेक, एबीएस (ब्रेक दाबल्यावर चाक जाम होऊ न देणारी सोय) नाही. काकांचा सगळा मुद्दा ब्रेकचाच आहे. गाडी उघडता येण्यापेक्षा थांबवता येणं मला जवळचं वाटतं.

ताई, तुमचं बिल रात्री मांडलं. विमा आणि कर धरून फरक माझ्या अंदाजापेक्षा मोठा निघाला. दोन दिवस ३१० वर मन आलं होतं, हे कबूल करतो. पण मला ती दोन सिलिंडरची गाडीच हवी आहे, आणि हे घेतल्यावर पाच वर्षं दुसरं काही घेणार नाही, हेही मी घरी सांगितलंय. दीडशे विकत नाही. कामाला तीच.

पासिंग केए-२२. मामा शिनोळीजवळच राहतात, तरीही. वडिलांनी आयुष्यभर इथं घाम गाळला, खोट्या पत्त्यावर माझी पहिली मोठी गाडी नको. शिनोळीकर, तुमचा राग मला समजतो, पण हे माझं आहे.

काका, तुमच्या पुतण्याचं वाचून शिफ्टला गेलो, हात मशीनवर आणि डोकं संकेश्वरला. दिवाळीला घेणार होतो. नाही घेत. गळीत हंगाम संपला की मार्चअखेर. तोवर जॅकेट, ग्लोव्हज आणि बूट आधी घेतो.

वडगावचा_काका

मी दीडशे पुरे म्हणालो होतो. आजही तेच म्हणतो. पण गुंठ्याचं बोललो ते चुकलं. तुझे वडील कुठल्या फाउंड्रीत होते मला माहीत नाही, मी मात्र वीस वर्षं भट्टीपाशी काढली आहेत. ओव्हरटाइमचा पैसा काय असतो ते मला कुणी सांगायला नको.

घे मार्चमध्ये. पण अंधार पडल्यावर हायवेला नाही, एवढं इथं लिहून दे.

तिसरं_गेट

लिहून दे रे. काका उगीच मागत नाहीत.

उद्यमबाग_सेटर

उसाच्या दिवसांत अंधारात हायवेला जाणार नाही. हे लिहून देतो. बाकीच्या दिवसांचं नाही देत, काका. दिलं आणि पाळलं नाही तर तुम्हाला तोंड दाखवता येणार नाही.