मदत हवी आहे: मॉर्डहाइममध्ये पाच वॉरियर्सच्या हातात काय चिकटवू?

मंडळी, फेविक्विकचं टोपण उघडण्याआधी विचारतोय. मॉर्डहाइम म्हणजे टेबलावर छोट्या मूर्तींच्या टोळ्या लढवायचा फाशांचा खेळ. आमच्यात मूर्तीच्या हातात दिसेल तेच शस्त्र खेळात धरायचं, म्हणून एकदा चिकटलं की बदलता येत नाही.

बडोद्यात दांडिया बाजारात आम्ही चौघं रविवारी गच्चीवरच्या खोलीत खेळतो, तोच 1999 चा जुना मॉर्डहाइम. मिनिएचर परवडत नाहीत, म्हणून मी तारेच्या सांगाड्यावर एम-सील चढवून 28 मिमीची माणसं घडवतो. काका ज्या कोरणीने शाडूचा गणपती करतात, तीच मागून आणलीये. भाले यू-क्लिपचे: सरळ करायची, टोक बत्त्याने ठोकून चपटं करायचं, कानशीने धार काढायची. एका भाल्याला अर्धा तास जातो.

पहिली टोळी राइकलँडची (खेळातला एक प्रांत), सातच जणांची. कॅप्टनला जड चिलखत, दोन्ही चॅम्पियनना हलकं, त्यातच 90 क्राउन (खेळातले पैसे) गेले. समोर मामेभावाचे स्केव्हन, म्हणजे उंदीरमाणसं. त्यांना गोफण 2 क्राउनला मिळते, आणि 9 इंचांच्या आत एका खेपेला दोन दगड. दुसऱ्याच फेरीत माझे दोघं गेले. सातात दोन म्हणजे पाव टोळीपेक्षा जास्त, म्हणून रूट टेस्ट (टोळी टिकते की पळते याची चाचणी) आली, फाशांवर 10 पडले, कॅप्टनचं लीडरशिप 8, म्हणजे हरलो. टोळी पळाली. कॅप्टनच्या अंगावर ओरखडाही नव्हता. फार लागलं मनाला.

नवा हिशेब: कॅप्टन 60, दोन चॅम्पियन 70, दोन यंगब्लड (नवशिके) 30, पाच वॉरियर 125, दोन मार्क्समन (नेमबाज) 50. बारा जण, 335. दोन क्रॉसबो 50. टोळी उभारायच्या 500 क्राउनमधले उरले 115. अडलंय वॉरियर्सपाशी. एका गटात सगळ्यांना सारखंच शस्त्र लागतं, म्हणजे जे ठरेल ते पाच जणांसाठी घडवायचं. भाले 50 ला, दोन-दोन गदा 30 ला. कुऱ्हाड चिलखत भेदते, पण मामेभावाचे उंदीर चिलखत घालतच नाहीत. तीन भाले तयार आहेत, म्हणून मन तिकडे ओढतंय.

प्रतिसाद:
भाल्याचा मोह सोड रे. अंगावर आलेल्याला आधी मारता येतं हे खरं, पण ते पहिल्या झटापटीपुरतंच, आणि दुसऱ्या हातात ढालीशिवाय काही धरता येत नाही. दोन गदांना दर वेळी एक वार जादा. शिवाय गदेचा मार बसला की इंज्युरीत (जखम किती ते ठरवणाऱ्या फाशावर) 2 ते 4 पडले तरी समोरचा स्टन, म्हणजे सुन्न. स्टन झालेल्याला पुन्हा मारलंस की तो थेट बाहेर.

पाचही हिरो (कॅप्टन, चॅम्पियन, यंगब्लड) घेतलेस ते उत्तम. लढाईनंतर जे हिरो शाबूत राहतात तेच वर्डस्टोन (विकून पैसे मिळणारा जादूचा दगड) शोधतात, प्रत्येकी एक फासा. म्हणून चिलखत नको, हिरोंना शिरस्त्राण घे, 10 क्राउन. फाशावर 4 किंवा जास्त पडलं तर स्टन न होता नुसता खाली पडतो. क्रॉसबोवाले वरच्या मजल्यावर बसव. हलून मारता येत नाही, पण पल्ला 30 इंच, गोफणीचा 18.

मूळ लेखक:
दादा, बसतंय सगळं! वॉरियर्सच्या गदा 30, शिरस्त्राणं 50, कॅप्टनला तलवार 10, बाकी चार हिरोंना जोडगदा 24. एक क्राउन उरतो.

आता अठरा गदा घडवायच्या. डोक्याला मिरी फार मोठी दिसते. मोहरीच्या दाण्यावर फेविक्विक धरेल का? कुणी करून पाहिलंय?